अर्ज लिहिण्यात गेलेली साडेपाचशे वर्षं

अमेरिकेत वैद्यकीय संशोधनाला सरकारी पैसा देणारी सगळ्यात मोठी संस्था म्हणजे एनआयएच. २०२५ च्या जुलैत तिने एक नियम जाहीर केला: २५ सप्टेंबरपासून एका संशोधकाला वर्षाला सहाच अर्ज करता येतील. निमित्त मजेशीर होतं. एका महाभागाने अर्जांच्या एकाच फेरीत चाळीसहून जास्त अर्ज टाकले होते आणि त्यातले बरेचसे एआयकडून लिहून घेतल्यासारखे दिसत होते.

चाळीस अर्जांची बातमी वाचून हसू येतं. मला मात्र त्या सहाच्या आकड्याने जास्त विचारात पाडलं. सहा ही वरची मर्यादा आहे. म्हणजे दर दोन महिन्यांनी पैशासाठी एक अर्ज, तोही डझनभर पानांचा, हे तिथे अजून चालण्यासारखं आहे. मग ही माणसं प्रयोग कधी करतात?

पगार आहे, लॅब आहे; वेगळा पैसा कशाला?

बाहेरून पाहणाऱ्याची समजूत साधी असते. शास्त्रज्ञाला नोकरी लागली, पगार सुरू झाला, लॅबची किल्ली हातात आली, की संशोधन सुरू. पण नोकरीने मिळते ती बहुतेक वेळा फक्त खुर्ची. रसायनं, महागड्या यंत्रावरचे तास, पीएचडी करणाऱ्या मुलांचं विद्यावेतन, पोस्टडॉकचा (पीएचडीनंतर काही वर्षं लॅबमध्ये काम करणाऱ्याचा) पगार या सगळ्याची सोय त्याने स्वतः करायची असते. अमेरिकेतल्या अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत तर प्राध्यापकाच्या स्वतःच्या पगाराचा मोठा हिस्साही त्यानेच आणलेल्या पैशातून निघतो.

हा पैसा ढोबळमानाने दोन वाटांनी येतो. एक म्हणजे ठोक निधी. सरकार विद्यापीठाला किंवा संस्थेला वर्षाची एकरकमी रक्कम देतं, आत ती कशी वाटायची ते संस्था ठरवते. दुसरी वाट स्पर्धेची. संशोधकाने आपली कल्पना लिहून पाठवायची, त्याच क्षेत्रातल्या इतर शास्त्रज्ञांनी ती तपासून गुण द्यायचे, आणि वरच्या काहींना पैसा मिळायचा. या पैशाला ग्रँट म्हणतात, अर्जाला प्रपोजल आणि तपासणीला पिअर रिव्ह्यू. गेल्या काही दशकांत बऱ्याच देशांत पहिली वाट अरुंद होत गेली आणि दुसरी रुंद.

स्पर्धेच्या बाजूने एक गोष्ट आधीच कबूल करायला हवी. ठोक निधी म्हणजे आत कुणाची तरी मर्जी. विभागप्रमुखाच्या मनात असेल त्याला यंत्र, नसेल त्याने वाट बघावी. अर्ज मागवून बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून घेण्यात निदान म्हणायला तरी समान संधी आहे. अडचण त्या हेतूत नाही. अडचण हिशेबात आहे, आणि तो हिशेब मांडताना आपण सहसा फक्त जिंकणाऱ्यांकडे बघतो.

एक अर्ज जवळून

एनआयएचची सगळ्यात ओळखीची ग्रँट म्हणजे आर-झिरो-वन. तिच्या अर्जात एका पानावर उद्दिष्टं लिहायची. मग बारा पानांत संशोधनाचा आराखडा: प्रश्न कोणता, तो महत्त्वाचा का, पद्धत कोणती, फसली तर पर्याय काय. अक्षर अकरा पॉइंटपेक्षा लहान नको, समास अर्ध्या इंचापेक्षा कमी नको. (हा नियम करावा लागला यावरूनच कळतं की लोक काय काय करून बघत असतील.) त्याशिवाय खर्चाचं अंदाजपत्रक, सहकाऱ्यांचे परिचय, पाठिंब्याची पत्रं, जनावरं किंवा माणसं वापरणार असाल तर त्यांच्याविषयीची निवेदनं.

सगळ्यात अवघड भाग मात्र छापील नियमांत नसतो. तीन-चार वर्षांत काय सापडेल हे आज सांगायचं असतं. आता जे अजून कुणालाच माहीत नाही ते शोधण्यासाठीच तर पैसा मागायचा आहे! यातून वाट म्हणून प्राथमिक निष्कर्ष जोडले जातात, म्हणजे कल्पना चालते हे दाखवण्यापुरतं थोडं काम आधीच करून ठेवलेलं असतं. लॅबमध्ये यावर एक जुना विनोद आहे: झालेल्या कामासाठी ग्रँट मागायची आणि मिळालेल्या पैशातून पुढच्या ग्रँटचं काम उरकायचं. विनोद म्हणतात खरा, पण सांगणारा क्वचितच हसतो.

अर्ज गेला की साधारण तीन परीक्षक तो बारकाईने वाचतात आणि एक ते नऊ गुण देतात. इथे एक म्हणजे सर्वोत्तम. या प्राथमिक गुणांत खालच्या निम्म्यात पडलेल्या अर्जांवर बैठकीत बहुधा चर्चाही होत नाही. उरलेल्यांच्या वाट्याला काही मिनिटं येतात.

हिशेब, पण हरणाऱ्यांच्या बाजूने

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हा हिशेब खरोखर मांडला. तिथल्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेकडे २०१२ च्या मुख्य फेरीत ३,७२७ अर्ज आले. अर्जदारांच्या नमुन्याला विचारलं, की एका अर्जाला किती दिवस लागले? सरासरी ३४ कामाचे दिवस. सगळे अर्ज धरून गुणाकार केला तर सुमारे ५५० वर्षांचं काम. एका देशाची, एका संस्थेची, एका वर्षाची ही एक फेरी. त्या वेळेचा नुसता पगारच ६ कोटी ६० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर झाला.

मंजूर झाले साडेवीस टक्के. म्हणजे त्या ५५० पैकी चारशेहून जास्त वर्षं अशा कागदांवर गेली ज्यांच्यातून एकही प्रयोग झाला नाही. आणखी एक गोष्ट त्या अभ्यासात निघाली, ती मला सगळ्यात बोचते: ज्यांनी अर्जावर जास्त दिवस घालवले त्यांची मंजुरीची शक्यता वाढलेली दिसली नाही.

असं का होतं, हे एका लिलावावरून समजेल. नेहमीच्या लिलावात वस्तू ज्याला मिळते तोच पैसे भरतो. आता असा लिलाव कल्पा जिथे बोली लावणाऱ्या प्रत्येकाला आपली बोली भरावी लागते, वस्तू मात्र एकालाच. मागे राहू नये म्हणून प्रत्येकजण बोली वाढवतो, आणि सगळ्यांनी मिळून भरलेली रक्कम वस्तूच्या किमतीला जाऊन भिडते. ग्रँटमध्ये बोली म्हणजे वेळ. केव्हिन ग्रॉस आणि कार्ल बर्गस्ट्रॉम यांनी २०१९ मध्ये हेच गणिताने दाखवलं. मंजुरीचं प्रमाण फार खाली गेलं, की सगळ्यांनी अर्जांवर घालवलेल्या मेहनतीचं मोल मंजूर संशोधनातून मिळणाऱ्या विज्ञानाइतकं, कधी त्याहूनही जास्त होऊ शकतं.

जिंकलेल्यांचंही काम अर्जावर संपत नाही. अमेरिकेत केंद्र सरकारच्या पैशावर काम करणाऱ्या संशोधकांच्या २०१२ च्या पाहणीत त्यांनी सांगितलं, की त्या संशोधनासाठीच्या वेळातला ४२ टक्के वेळ अर्ज, अहवाल, हिशेब आणि परवानग्यांत जातो.

पण लिहिल्याने विचार तरी पक्का होतो ना?

होतो. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. डोक्यात सुबक वाटणारी कल्पना कागदावर उतरवली की तिच्यातली भोकं दिसतात, हे कुणीही लिहिणारा सांगेल. स्वित्झर्लंडमध्ये सिनर्जिया नावाची एक योजना आहे. वेगवेगळ्या विषयांतल्या संशोधकांनी एकत्र येऊन तिला अर्ज करायचा असतो. तिच्या अभ्यासात दिसलं, की नुसता अर्ज केल्यानेही, मग तो मंजूर होवो न होवो, संशोधकांचे पेपर वाढले. सोबत बसून विचार केला, दुसऱ्याच्या विषयातलं काही कानावर पडलं, त्याचा उपयोग झाला.

म्हणजे अर्ज लिहिणं पूर्ण वाया जातं असं म्हणता येत नाही. पण पहिल्या आठवड्यात जे होतं ते विचार करणं असतं. पाचव्या आठवड्यात जे होतं ते वाक्य अर्ध्या ओळीने कमी करून आकृती पानात बसवणं असतं. पहिल्याचा फायदा विज्ञानाला, दुसऱ्याचा फार तर क्रमवारीला.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने यावर नकळत एक छान प्रयोग केला. भूविज्ञानाच्या काही योजनांतली डेडलाइन काढून टाकली. अर्ज कधीही पाठवा. अर्ज निम्म्याच्याही खाली आले. तारीख आली म्हणून काहीतरी पाठवून द्यायचं, हे अर्ज गळाले असावेत असं तिथल्या लोकांचंच म्हणणं पडलं.

ग्रँट मिळालेले जास्त पेपर लिहितात, मग प्रश्न कुठे आहे?

ग्रँट मिळालेले शास्त्रज्ञ न मिळालेल्यांपेक्षा जास्त पेपर छापतात, हे खरं आहे. पण बागेतल्या सगळ्यात उंच रोपालाच पाणी घालायचं आणि वर्षअखेरीस 'पाणी घातलं ते रोप बघा किती उंच' म्हणायचं, तसं हे आहे. ते आधीच उंच होतं, म्हणून तर त्याला पाणी मिळालं.

पाण्याचा खरा परिणाम काढायला संशोधक एक युक्ती वापरतात. परीक्षेत ७५ गुणांना प्रवेश असेल, तर ७५.१ वाला आणि ७४.९ वाला यांच्या हुशारीत काही फरक नसतो. एकाचं नशीब लागलं, दुसऱ्याचं नाही. पुढच्या पाच-दहा वर्षांत या दोघांत जो फरक पडतो, तो प्रवेशाचा. ग्रँटच्या कटऑफ रेषेच्या अलीकडचे आणि पलीकडचे अर्जदार घेऊन हीच तुलना करता येते.

ब्रायन जेकब आणि लार्स लेफग्रेन यांनी एनआयएचच्या अर्जदारांवर ती केली. सुमारे १७ लाख डॉलरची ग्रँट मिळाल्याने पुढच्या पाच वर्षांत पेपर वाढले एक. सुमारे ७ टक्के. यावरून पैसा निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढण्याची घाई नको. रेषेच्या खाली राहिलेला शास्त्रज्ञ हातावर हात धरून बसत नाही. तो दुसऱ्या संस्थेकडे अर्ज करतो, सहकाऱ्याच्या ग्रँटमध्ये शिरतो, कुठून तरी पैसा उभा करतो. लेखकांनीही हेच कारण जवळचं मानलं. एका दारातून मिळालं नाही तरी दुसरं दार असतं, जोवर ती दारं आहेत तोवर.

पण सगळ्यांना दुसरं दार दिसत नाही. नेदरलँड्समध्ये नुकती पीएचडी झालेल्यांसाठी व्हेनी नावाची ग्रँट आहे. तिच्या रेषेच्या जरा वर राहिलेल्यांनी पुढच्या आठ वर्षांत, जरा खाली राहिलेल्यांच्या दुपटीहून जास्त निधी मिळवला. हुशारी तीच, अर्ज तितकाच चांगला. फरकाचं एक कारण असं निघालं की खाली राहिलेल्यांनी पुढे अर्ज करणंच कमी केलं. पहिल्या नोकरीसाठी नकार मिळालेला माणूस दुसरीकडे विचारायलाही बिचकतो, तसं.

एनआयएचच्या तरुण अर्जदारांवर २०१९ मध्ये आलेल्या एका अभ्यासाने याला वेगळंच वळण दिलं. थोडक्यात हुकलेल्यांपैकी काही एनआयएचच्या व्यवस्थेतून कायमचे दिसेनासे झाले. असं दिसेनासं होण्याची शक्यता दहा टक्क्यांहून जास्त वाढली. जे टिकले, त्यांनी पुढच्या दहा वर्षांत जिंकलेल्यांपेक्षा सरस पेपर दिले. हा निकाल लोकांना फार आवडतो, 'अपयश ही यशाची पायरी' वगैरे. मला त्यातले निघून गेलेले आठवतात. त्यांनी पुढे काय केलं असतं हे कुठल्याच तक्त्यात येत नाही. टिकलेले फक्त कचरा गळून गेल्यामुळे सरस दिसतात का, हेही त्या अभ्यासाने तपासलं आणि तेवढ्याने पूर्ण फरक भरून निघत नाही असं सांगितलं. तरी नकार वाटून शास्त्रज्ञ घडवावेत, असा सल्ला यातून कुणी काढू नये.

निवड तरी बरोबर होते का?

इथे मला चाळणी आणि तराजू यांतला फरक उपयोगी वाटतो. चाळणी खडे बाजूला काढते. तराजू दोन चांगल्या दाण्यांतला जड कोणता ते सांगतो. पिअर रिव्ह्यूकडून आपण दोन्ही कामांची अपेक्षा करतो, आणि तो एकच नीट करतो.

ऑस्ट्रेलियाच्याच परिषदेच्या २००९ च्या २,७०५ अर्जांचे गुण घेऊन एक अभ्यास झाला. समितीतले परीक्षक थोडे वेगळे असते तर निकाल काय लागला असता, हे संगणकावर पुन्हा पुन्हा करून पाहिलं. सुमारे ९ टक्के अर्ज प्रत्येक वेळी मंजूर झाले. ६१ टक्के एकदाही नाही. मधले २९ टक्के कधी आत, कधी बाहेर. प्रत्यक्षात मंजूर झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त अर्ज या मधल्या गटातले होते.

एनआयएचमधून मंजूर झालेल्या लाखाहून जास्त ग्रँटच्या माहितीवर दोन अभ्यास झाले आणि त्यांचे मथळे एकमेकांच्या उलट वाटतात. पहिल्याने म्हटलं, चांगले गुण मिळालेल्या ग्रँटमधून जास्त पेपर निघतात आणि इतरांच्या पेपरांत त्यांचे उल्लेखही जास्त होतात. दुसऱ्याने तीच माहिती पुन्हा चाळून म्हटलं, फार वरच्या गटात पाहिलं तर गुणांवरून पुढच्या कामाचा अंदाज जवळजवळ बांधताच येत नाही. दोघांत भांडण नाही. पूर्ण रांग पाहिली तर चांगलं-वाईट कळतं. पण मंजुरीची रेषा जिथे पडते, तिथे सगळेच चांगले असतात, आणि तिथे तराजूचा काटा हलतच नाही.

तरी आपण तिथेच दशांश चिन्हापर्यंत गुण मोजतो.

धाडसी कल्पनांचं काय होतं?

उत्पादकता मोजायला सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे पेपरांची संख्या, आणि सगळ्यात फसवीही तीच. पुढच्या अर्जात यादी लांब दिसावी म्हणून एकाच कामाचे तीन तुकडे करून तीन पेपर छापता येतात. पीटर हिग्ज यांनी १९६४ मध्ये ज्या कणाचं भाकीत केलं त्यासाठी त्यांना २०१३ चं नोबेल मिळालं. त्यानंतरच्या साऱ्या काळात त्यांचे पेपर दहाच्याही खाली. आजच्या काळात मला विद्यापीठात नोकरीच मिळाली नसती, असं ते स्वतः म्हणाले होते.

अर्ज तपासणारे नव्याला घाबरतात, असं नुसतं म्हटलं जात नाही, करूनही पाहिलं गेलंय. एका नामांकित वैद्यकीय महाविद्यालयात पंधरा प्रस्ताव १४२ तज्ज्ञांना वाटून दिले. ज्या प्रस्तावांत आधी छापल्या गेलेल्या संशोधनाहून जास्त नवं होतं, त्यांना सरासरी कमी गुण पडले. परीक्षक काही दुष्ट नसतात. नव्या कल्पनेत चुकण्याच्या जागा जास्त दिसतात आणि परीक्षकाचं कामच चुका दाखवणं.

उलट बाजूचं उदाहरण हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूटचं. ही खासगी संस्था प्रकल्पाला पैसा देत नाही, माणसाला देते. पाच वर्षं (पुढे ती सात केली), वाट बदलायची मुभा, पहिल्या आढाव्यात थोडी सवलत. पियर अझूले आणि सहकाऱ्यांनी या शास्त्रज्ञांची तुलना तरुणपणी तितकेच गाजलेल्या, पण एनआयएचच्या ग्रँटवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांशी केली. हॉवर्ड ह्यूजवाल्यांनी फार गाजलेले पेपर खूप जास्त दिले. आणि सपशेल पडलेले पेपरही जास्त दिले. ही दुसरी ओळ मला पहिलीपेक्षा पटणारी वाटते, कारण धोका पत्करण्याची मुभा मिळाल्याची ती खूण आहे. अर्थात या संस्थेचा पैसाही सढळ असतो, तेव्हा सगळं श्रेय नियमांना देता येणार नाही.

या विषयावर लिहिताना कातालिन कारिको यांची गोष्ट हमखास येते. एमआरएनएवरच्या (पेशीत प्रथिन बनवण्याचा संदेश नेणाऱ्या रेणूवरच्या) कामाला ग्रँट मिळेना, १९९५ मध्ये विद्यापीठाने त्यांचं पद खाली आणलं, आणि २०२३ मध्ये त्याच कामाला नोबेल. गोष्ट खरी आहे, मनाला लागते, पण पुरावा म्हणून ती कच्ची. नाकारलेल्या कल्पनांत खरोखरच वाईट किती होत्या हे तिच्यावरून कळत नाही. मला मॅक्स पेरुट्झ जास्त सांगणारे वाटतात. हिमोग्लोबिनच्या रेणूची रचना शोधायला त्यांनी १९३७ मध्ये सुरुवात केली. ती हाती लागली १९५९ मध्ये. बावीस वर्षं! १९४७ पासून त्यांच्या छोट्या गटाला ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने पोसलं. तीन-तीन वर्षांच्या ग्रँटवर हेच काम असतं तर सातेक वेळा 'यंदा काय सापडलं' याचं उत्तर द्यावं लागलं असतं, आणि पहिल्या पाच-सहा वेळा प्रामाणिक उत्तर 'विशेष काही नाही' असंच होतं.

मग पैसाच वाढवा की

हे करून झालंय. १९९८ ते २००३ या काळात अमेरिकेने एनआयएचचं अंदाजपत्रक दुप्पट केलं. विद्यापीठांनी लगेच नव्या लॅब बांधल्या, माणसं भरली, विद्यार्थी घेतले. वाढ थांबली तेव्हा अर्ज करणारे आधीपेक्षा कितीतरी जास्त होते. सुरुवातीला तीसच्या आसपास असलेलं मंजुरीचं टक्केवारीचं प्रमाण २०१३ मध्ये १६.८ वर आलं. रस्ता रुंद केला की गाड्या वाढतात, तेच.

नाहीतर सगळ्यांना सारखं वाटून टाका

कॅनडात २००९ मध्ये दोन संशोधकांनी हिशेब मांडून दावा केला, की तिथल्या एका परिषदेच्या अर्ज-तपासणीचा एकूण खर्च प्रत्येक पात्र संशोधकाला वर्षाला तीस हजार डॉलरची पायाभूत ग्रँट देण्याच्या खर्चाहून जास्त आहे. त्यांच्या आकड्यांवर वाद झाले, पण प्रश्न चोख होता.

सरसकट वाटपात माझ्या मते दोन अडचणी आहेत. दुर्बीण किंवा मोठी वैद्यकीय चाचणी तुकड्या-तुकड्यांनी विकत घेता येत नाही. आणि ठोक पैसा काही संत नाही. जपानमधल्या संशोधनावरचा एक अभ्यास इथे डोळे उघडणारा आहे. सरासरीने पाहिलं तर स्पर्धेच्या पैशातून झालेलं काम ठोक पैशातल्या कामापेक्षा जास्त नवं निघालं. पण हा फायदा ज्येष्ठ पुरुषांच्या बाबतीत. तरुण आणि स्त्री संशोधकांच्या बाबतीत चित्र उलटं झालं. ज्याचं नाव झालंय त्याच्या धाडसाला समिती 'दूरदृष्टी' म्हणते. नवख्याच्या धाडसाला 'अनुभव कमी'. अशा नवख्याला थोडा, न मागता मिळणारा पैसा जास्त मोकळं करतो.

चिठ्ठ्या टाकायच्या? लोकांचा पैसा आणि सोडत?

ऐकायला भयंकर वाटतं, पण हे सुरू आहे. न्यूझीलंडची आरोग्य संशोधन परिषद २०१३ पासून एका छोट्या योजनेत असं करते: आधी तज्ज्ञ पाहतात की अर्ज पात्र आहे का, कल्पना खरोखर नवी आहे का, जे त्यात बसतात त्यांच्यातून सोडत. जर्मनीच्या फोक्सवागन प्रतिष्ठानाने २०१७ पासून एका योजनेत हे करून पाहिलं. स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने २०२१ मध्ये ठरवलं, की रेषेवर अर्ज अगदी तुल्यबळ असतील तर चिठ्ठी काढायची. ब्रिटिश अकादमीने २०२२ पासून लहान ग्रँटसाठी हाच मार्ग धरला.

यात कुणी चाळणी फेकून देत नाही. खडे तज्ज्ञच काढतात. फक्त तराजू जिथे काम करत नाही तिथे तो चालतो असं नाटक बंद करतात. ऑस्ट्रेलियातले ते मधले २९ टक्के आठवा. सोडत तिथेही होती, फक्त तिला निकाल म्हणत होते. आणि चिठ्ठीत हरलेल्याला 'तू कमी पडलास' असं कुणी सांगत नाही. नेदरलँड्समधल्या त्या तरुणांनी अर्ज करणं का सोडलं ते पाहिलं, तर हा फायदा लहान नाही.

माझी शंका वेगळी आहे. सोडतीत नाव येण्याची पात्रता सोपी ठेवली की लोक जास्त अर्ज टाकतील, मग पात्रता कडक होईल, मग तिच्यासाठी पुन्हा चौतीस दिवस. छोट्या योजनांत जे जमलं ते मोठ्यात जमेलच असं नाही.

आता एआय आल्यावर

त्या चाळीस अर्जांकडे परत येऊ. त्या लिलावात बोलीची किंमत होती वेळ. एआयने ती किंमत एकदम उतरवली. वरवर पाहता हे बरं झालं, चौतीस दिवसांचे चार दिवस झाले तर वाईट काय? पण बोली स्वस्त झाली की बोली लावणारे वाढतात. एनआयएचने सहाच्या मर्यादेसोबत हेही जाहीर केलं, की बराचसा भाग एआयने लिहिलेला अर्ज अर्जदाराची स्वतःची कल्पना धरला जाणार नाही. सहाहून जास्त अर्ज करणारे तसे थोडेच होते, हेही संस्थेनेच सांगितलं. त्यामुळे चाळीसवाल्याला चाप बसेल. वर्षाला दोन-तीन अर्ज मन लावून लिहिणाऱ्याच्या दिवसांत काही फरक पडणार नाही.

तपासणाऱ्याच्या दिवसांत पडेल, आणि तो उलट दिशेने. एनआयएचने २०२३ मध्येच परीक्षकांना पिअर रिव्ह्यूसाठी एआय वापरायला मनाई केली आहे, कारण गोपनीय अर्ज बाहेरच्या यंत्रात टाकता येत नाहीत. म्हणजे लिहिणाऱ्याच्या हाती यंत्र आणि वाचणाऱ्याच्या हाती पेन. तो वाचणारा कोण असतो? दुसरा एक शास्त्रज्ञ, आपल्या लॅबचा वेळ काढून दुसऱ्यांची बारा-बारा पानं वाचणारा, आणि पुढच्या फेरीत स्वतःची बारा पानं पाठवायची म्हणून मनात तारीख मोजणारा.